ऐकावं जनाचं, करावं मनाचं. पण कोणत्या मनाचं?

(विंचूर येथील महिला बचत गटाने सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)



आम्ही विंचूरहून बोलतोय. निफाड तालुक्यातलं, लासलगावच्या शेजारचं, कांद्याच्या उपबाजाराचं आमचं गाव. बारा जणींचा आमचा बचत गट आहे. आज माईकसमोर आवाज एकीचाच असला, तरी काय बोलायचं ते आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. म्हणून आम्ही 'आम्ही' म्हणूनच बोलणार.

आधी एक कोडं घालतो. हातातलं काम थांबवू नका, नुसतं ऐका. एक कढई आणि एक झारा, दोन्ही मिळून १,१०० रुपयांना आले. कढई झाऱ्यापेक्षा १,००० रुपयांनी महाग आहे. तर झारा केवढ्याला पडला?

बहुतेकींच्या तोंडी लगेच आलं असेल, शंभर रुपये. आमच्याही आलं होतं. आता जरा थांबून बघा. झारा शंभरचा, तर कढई त्याच्यापेक्षा हजाराने महाग म्हणजे अकराशेची. दोन्ही मिळून झाले बाराशे. आपण तर अकराशेच दिले होते. म्हणजे चुकलं. खरं उत्तर ५० रुपये. झारा ५० चा, कढई १,०५० ची.

चुकलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. अशाच धर्तीचं कोडं अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांना घातलं होतं, तिथेही भरपूर जण चुकले. गणित अवघड नाही, चौथीतली पोरसुद्धा सोडवेल. गंमत अशी की उत्तर इतकं पटकन तोंडात येतं की ते पुन्हा तपासून बघावं असं वाटतच नाही.

डॅनियल कानेमान नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २०२४ मध्ये ते गेले. माणसं निर्णय कसे घेतात याचा त्यांनी आणि त्यांचे सहकारी एमॉस ट्वर्स्की यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातून २०११ साली कानेमान यांचं एक पुस्तक आलं, ते जगभर वाचलं गेलं. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर आपल्या विचाराच्या दोन तऱ्हा असतात. एक झटपट. माणसाचा चेहरा बघितला की राग ओळखते, दोन अधिक दोन म्हटलं की चार सांगते. तिला कष्ट पडत नाहीत आणि ती कधी बंद पडत नाही. दुसरी सावकाश. हिशेब मांडते, दोन गोष्टी शेजारी ठेवून तोलते. पण तिला मेहनत पडते, म्हणून ती चटकन उठत नाही. झटपट मनाने उत्तर दिलं की सावकाश मन बहुतेक वेळा नुसती मान डोलावतं.

डोक्यात खरोखर दोन खोल्या आहेत असं नाही. बोलायच्या सोयीसाठी आम्ही एकीला 'झटपट मन' आणि दुसरीला 'सावकाश मन' म्हणतो.

आपल्याकडे म्हण आहे, ऐकावं जनाचं, करावं मनाचं. आता प्रश्न पडतो, यातलं कोणत्या मनाचं?

पहिल्यांदा वाटलं, सोपं आहे. झटपट मन चुकतं, सावकाश मन बरोबर असतं. पण आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मग मी भाकरी थापताना वही घेऊन बसू का?"

बरोबर बोलल्या आजी. पिठात पाणी किती घालायचं ते आपण मोजत नाही. बाजरी जुनी आहे की नवी, ते हाताला कळतं. याच आजी कांद्याच्या चाळीजवळून नुसत्या गेल्या तरी थांबतात आणि म्हणतात, "मधे सड लागली बघा." वरचा थर काढून बघितला की आत खरंच पाणी सुटलेले कांदे सापडतात. कसं कळलं विचारलं तर म्हणतात, "वासच तसा आला." हे झटपट मनच आहे, आणि ते अगदी बरोबर आहे.

गॅरी क्लाइन नावाचे दुसरे एक संशोधक. त्यांनी आग विझवणाऱ्या जवानांचा अभ्यास केला. त्यांनी लिहिलेली एक हकिगत सांगतो. एका घरात स्वयंपाकघराच्या बाजूला आग लागली होती. जवान पाणी मारत होते, पण आग दबेना. खोली फार तापली होती, आणि इतक्या आगीला जेवढा आवाज हवा तेवढा येत नव्हता. प्रमुखाला नेमकं काय चुकतंय ते कळेना. पण मनाला बरं वाटेना, म्हणून त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. ते बाहेर पडले आणि पायाखालची जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती.

एक संशोधक म्हणतो झटपट मन फसवतं, दुसरा म्हणतो ते जीव वाचवतं. मग या दोघांनी भांडण्याऐवजी एकत्र बसून विचार केला आणि २००९ साली मिळून एक लेख लिहिला. त्यात दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. झटपट मनावर कधी विसंबावं? दोन गोष्टी असतील तेव्हा. एक म्हणजे ते काम ठरावीक रीतीने चालणारं हवं, आज एक आणि उद्या भलतंच असं नको. आणि दुसरं, त्या कामाचा आपल्याला भरपूर सराव हवा आणि बरोबर की चूक याचं उत्तर लवकर मिळायला हवं.

भाकरीत पाणी जास्त झालं तर दोन मिनिटांत कळतं. हात शिकतो. आजींनी चाळीस वर्षं चाळ हुंगली, थर उचलून बघितले, प्रत्येक वेळी खरं की खोटं ते लगेच कळलं. त्यांचं नाक शिकलं. मनाचा कौल म्हणतात तो काही आकाशातून पडत नाही. तो सरावातून येतो.

आता त्याच चाळीतली दुसरी गोष्ट घेऊ. कांदा आज विकायचा की ठेवायचा?

इथे आजींचं नाक चालत नाही. आमचंही नाही. कारण भाव चाळीत ठरत नाही. आठवून बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली. ती मे २०२४ मध्ये उघडली, पण किमान दर आणि शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते उठलं. यातली एकही गोष्ट कांदा हुंगून कळणारी नव्हती. तरीही दर उन्हाळ्यात घरोघर ठामपणे बोललं जातं, "यंदा भाव फुटणार, माझं मन सांगतंय."

शिवाय मनाला मागच्या वर्षाची आठवण जास्त जवळची असते. मागच्या साली शेजाऱ्याने दिवाळीपर्यंत ठेवला आणि त्याला चांगले पैसे झाले, की यंदा सगळी आळी ठेवते. मागच्या साली कांदा मातीमोल गेला, की यंदा सगळे काढल्या काढल्या विकतात. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, तसं. पण ताक मुळात गरम नसतंच. मागचं वर्ष म्हणजे यंदाचं वर्ष नव्हे.

मग करायचं काय? भाव किती होईल ते कोणालाच सांगता येत नाही. पण कागदावर एक गोष्ट मांडता येते. समजा एप्रिलमध्ये १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे आणि भाव १,२०० रुपये आहे. आज विकला तर १,२०,००० रुपये. झटपट मन म्हणतं, सप्टेंबरात भाव १,६०० झाला तर ४०,००० जास्त मिळतील. सावकाश मनाला उठवा. पाच महिन्यांत कांदा सुकतो, सडतो, कोंब येतात. समजा त्यात ३० क्विंटल गेला. उरला ७०. सत्तरला सोळाशेने गुणलं तर १,१२,०००. म्हणजे भाव वाढूनही आठ हजार कमीच. त्यात निवडीची मजुरी धरलेली नाही, सोसायटीच्या कर्जाचं व्याज धरलेलं नाही. ३० टक्के घट धरली तर नुसती बरोबरी व्हायलाच साधारण १,७१५ रुपये भाव लागतो.

म्हणून ठेवूच नये असं आमचं म्हणणं नाही. चाळ चांगली हवेशीर असेल, कांदा नीट सुकवून, पात कापून, निवडून भरलेला असेल तर घट कमी येते. ती २० टक्क्यांवर राहिली तर १,५०० रुपयांनाच बरोबरी होते. आपली चाळ, आपली घट, आपलं व्याज घालून हा हिशेब ज्याने त्याने करावा. आमच्यातल्या काही जणी आता थोडा माल आधी विकतात, थोडा ठेवतात. पण आता घरात "मन सांगतंय" एवढ्यावर भागत नाही. "किती भावाला बरोबरी?" असं आम्ही विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घरचे हसले. दुसऱ्या वर्षी कागद-पेन त्यांनीच पुढे केलं.

आमचं गाव विंचूरकर सरदारांचं. त्यांच्या नावाने इतिहासात एक गोष्ट सांगितली जाते, ती या विषयाला धरून आहे. १४ जानेवारी १७६१, पानिपत. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदूकवाल्या पलटणी यांच्या आधाराने, रांग न मोडता पुढे सरकायचं असं ठरलं होतं. पण विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडेस्वारांनी रांग सोडून रोहिल्यांवर धाव घेतली, बंदुकांच्या माऱ्यापुढे त्यांना मागे फिरावं लागलं आणि गारद्यांची बाजू उघडी पडली, असं सांगतात. यावर इतिहासकारांमध्ये वाद आहेत. पराभवाला उपासमारीसारखी दुसरी मोठी कारणं होतीच, सगळा दोष एका-दोघांच्या माथी मारणं बरोबर नाही.

पण आम्हाला त्यातून एक गोष्ट समजते. ती माणसं अडाणी नव्हती, भित्री तर नव्हतीच. शत्रू दिसला की घोडा घालायचा, हे त्यांचं मन वर्षानुवर्षांच्या लढायांत शिकलेलं होतं. तिथे ते बरोबरही ठरलं होतं. पानिपतावर लढाईची रीत बदलली होती. जुन्या लढाईत शिकलेलं मन नव्या लढाईत तसंच धावलं. आपणही असंच करतो. घर चालवून चालवून हुशार झालेली बाई कधी कधी फोनवरच्या ठगापुढे फसते, ती मूर्ख म्हणून नव्हे. तिचं मन माणसं समोर बघून पारखायला शिकलंय, फोनवरचा आवाज पारखायला नाही.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. जिची गोष्ट आहे तिला विचारूनच सांगतोय.

दोन-अडीच वर्षांपूर्वीची मासिक बैठक. गटातल्या एका ताईने मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी १५,००० रुपये मागितले. चार दिवसांत भरायचे होते. तिचे यजमान पितात, हे सगळ्या गावाला माहीत. एक जण म्हणाली, "तिच्या घरात पैसा टिकत नाही. बुडतील." बाकीच्यांनी माना हलवल्या. दोन मिनिटांत विषय संपला आणि आम्ही चहा घेतला.

ताईने मुलीचा प्रवेश सोडला नाही. खासगीत पैसे घेतले, शेकडा पाच रुपये महिना दराने. महिन्याला ७५० रुपये नुसतं व्याज. असं चौदा महिने. म्हणजे १०,५०० रुपये व्याजातच गेले. शेवटी दुभती गाय विकून तिने मुद्दल फेडलं. आमच्या गटाचा दर शेकडा दोन. आमच्याकडून घेतले असते तर तेवढ्या काळात जास्तीत जास्त ४,२०० व्याज झालं असतं, आणि हप्त्याने मुद्दल फिटत गेलं असतं तर त्याहूनही कमी. गाय दावणीला राहिली असती.

पुढे बँकेच्या कामासाठी गटाचं सगळं दप्तर तपासायची वेळ आली. सचिव एकेकीचं पान वाचत होती. या ताईच्या पानावर तीन वर्षांत बचतीचा एकही महिना चुकलेला नव्हता. ज्यांना आम्ही हसत हसत कर्ज दिलं होतं, त्यांतल्या दोघींचे हप्ते मात्र थकलेले होते. खोलीत कोणी बोलेना. ताईच हळू आवाजात म्हणाली, "ही वही तेव्हाही तुमच्याजवळच होती."

मैत्रिणींनो, ते वाक्य अजून आमच्या मनातून जात नाही.

आम्ही दुष्टपणा केला का? नाही. पण आम्हाला प्रश्न पडला होता, "ही बाई पैसे फेडेल का?" आणि उत्तर आम्ही दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं, "हिचा नवरा कसा आहे?" पहिल्याला वही उघडावी लागली असती. दुसऱ्याचं उत्तर तोंडावर तयार होतं. अवघड प्रश्न बाजूला सारून सोप्याचं उत्तर द्यायचं, ही झटपट मनाची खोड कानेमान यांनी सांगितली आहे. आम्ही ती आमच्याच बैठकीत बघितली.

यात अजून एक मेख आहे. भाकरी बिघडली तर कळतं. पण जिला कर्ज दिलंच नाही, ती फेडणारी होती की बुडवणारी, हे कधी कळणार? म्हणजे नाकारणाऱ्याला आपली चूक कधी दिसतच नाही. त्याला वाटत राहतं, आपली माणसांची पारख पक्की आहे. आम्हालाही वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं. ताई गटात टिकली म्हणून आम्हाला कळलं तरी. ज्या निघून गेल्या असतील, त्यांचं काय?

त्यानंतर आम्ही चार गोष्टी बदलल्या.

पहिली, कर्जाचा विषय निघाला की आधी वही. बचत, हजेरी, जुनी परतफेड, हे मोठ्याने वाचल्याशिवाय कोणी मत द्यायचं नाही. आपल्या गटांच्या पंचसूत्रीत नियमित लेखे सांगितले आहेत. ते ऑडिटपुरते नाहीत, सगळ्या गटाचं सावकाश मन त्या वहीतच आहे.

दुसरी, मत आधी गुपचूप द्यायचं, बोलायचं नंतर. एकीने मोठ्याने सांगितलं की बाकीच्या तिच्यामागे जातात. म्हणून आम्ही झाकणाचा डबा ठेवलाय. हरभऱ्याचा दाणा म्हणजे द्यावं, शेंगदाणा म्हणजे अजून माहिती हवी. लिहिता न येणारीलाही चालतं, आणि सासू-सून एकाच गटात असल्या तरी सून मोकळेपणाने दाणा टाकते.

तिसरी, मोठी खरेदी किंवा नवा धंदा असेल तर समजायचं की एक वर्ष झालं आणि धंदा बुडाला. आता प्रत्येकीने सांगायचं, का बुडाला? ही युक्ती त्याच क्लाइन यांची. "तुझी कल्पना वाईट आहे" असं तोंडावर म्हणणं जड जातं. "का बुडाला असेल" हे सांगायला कोणी लाजत नाही.

चौथी, घाई करणाऱ्यासाठी एक रात्र. जो म्हणेल आत्ताच सही करा, आजच पैसे भरा, त्याला सांगायचं, "उद्या सांगतो." चांगली गोष्ट बहुतेक वेळा एका रात्रीत पळून जात नाही. फोनवर कोणी पोलीस असल्याचं सांगून 'डिजिटल अटक' म्हणाला तर लक्षात ठेवा, अशी कुठलीही अटक कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. तिथे मात्र रात्र जाऊ देऊ नका.

कारण काही वेळा थांबणंच चुकीचं असतं. साप चावला, पोर बेशुद्ध पडलं, बाळंतीणीला जास्त रक्त जाऊ लागलं, तर विचार करत बसायचं नाही. १०८ ला फोन आणि दवाखाना. वाटेत एखाद्या माणसाची भीती वाटली तर कारण शोधत उभं राहू नका, निघून जा. ती भीती खोटी निघाली तर थोडा वेळ गेला, एवढंच. आणि बैठकीत एखादी म्हणाली, "मला पटत नाही, का ते सांगता येत नाही," तर तिला गप्प करू नका. तिच्या झटपट मनाने काहीतरी हेरलेलं असू शकतं. ते काय, हे सगळ्यांनी मिळून शोधायचं.

तर मग मन कोणतं ऐकायचं? आम्हाला सापडलेलं उत्तर एवढंच. जिथे हाताला सराव आहे आणि चूक लगेच कळते, तिथे झटपट मनाचं ऐकावं. जिथे चूक उशिरा कळते किंवा कधी कळतच नाही, तिथे थांबावं, वही उघडावी, चार जणींना विचारावं. पैसा, माणसाची पारख, मुलीचं लग्न, कर्ज, सही, ही सगळी दुसऱ्या जातीची कामं.

ताईची मुलगी आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात ताईने पुन्हा कर्ज मागितलं, गाय घेण्यासाठी. वही वाचली, डबा फिरवला. डबा उघडला तेव्हा त्यात सगळे हरभरेच होते.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक करून बघा. गेल्या वर्षात ज्यांना 'नाही' म्हटलं, त्यांची पानं उघडून वाचा. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा.